कार्यालय सुरू आहे

निमगडे सरांना मी पहिल्यांदा मेलेलं पाहिलं तेव्हा ते कॉलेजच्या दोन जोडलेल्या बाकांवर आडवे पडले होते, अंगावर पांढरं धोतर होतं आणि उजव्या पायाचा अंगठा हलत होता. डास चावत होता म्हणून. शेजारी त्यांची बायको उभी होती आणि माझा नवरा मरताना काय सांगून गेला, असं आम्हाला विचारत होती. हे सगळं विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आहे, असं सरांचं म्हणणं. अभ्यासक्रमात फक्त 'व्यावसायिक नीतिमत्ता' एवढंच लिहिलेलं होतं. धोतराचा उल्लेख कुठेही नव्हता, मी तपासलं आहे.

आमचं लॉ कॉलेज चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होतं. गावाचं नाव मी सांगणार नाही. का ते पुढं कळेल, आणि नाही कळलं तरी मी वकील आहे, माझ्यावर कोणाची जबरदस्ती चालत नाही. कॉलेज म्हणजे राइस मिलच्या मागची बैठी इमारत. मिल सुरू झाली की घटनेची कलमं आणि धानाचा कोंडा दोन्ही सोबतच वर्गात यायची. सर तिथे तासिकेवर होते. म्हणजे दर जूनमध्ये संस्थेच्या सचिवांचा निरोप आला तर सरांचं वर्ष सुरू, नाही आला तर सर घरी. घर तसं बाईंच्या पगारावर चालायचं. बाई म्हणजे सरांची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. सरांसकट आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. सरांना पैशाचं काही नव्हतं. त्यांना तो एक पेपर आणि ती एक खोली पाहिजे होती. मे महिना लागला की त्यांची झोप उडायची.

सर उंच, काटकुळे, आवाज मात्र दोन माणसांचा. तरुणपणी ते झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक होते. आमच्याकडे दिवाळीत धान निघालं की थेट होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात, त्यालाच झाडीपट्टीची रंगभूमी म्हणतात. सरांनी तिथे सावकार, कपटी दिवाण, दारुडा भाऊ असे सगळे नीच लोक केले. मग लॉ केलं, सनद घेतली, काही वर्षं तालुका कोर्टात काढली. खरे नीच लोक फारच मिळमिळीत काम करतात असं दिसलं म्हणून शिकवायला आलो, असं ते सांगायचे. झाडीपट्टीत माईक वरून टांगलेला असतो. त्यामुळे महत्त्वाचं काही बोलायचं झालं की सरांची मान आपोआप वर जायची आणि पुढचं वाक्य ते पंख्याला ऐकवायचे. नवीन पोरं घाबरून वर बघायची.

बाकी कॉलेजांत हा पेपर पोरं गाईडमधून पाठ करतात. पक्षकाराचं गुपित राखावं, विरुद्ध बाजूकडून काही घेऊ नये, खोटा पुरावा देऊ नये. दहा मार्कांना एवढं पुरतं. सरांना ते बिलकुल मान्य नव्हतं. त्यांच्याकडे एक पत्र्याचा बोर्ड होता, एका बाजूला 'कार्यालय सुरू आहे', दुसऱ्या बाजूला 'कार्यालय बंद आहे'. पहिल्याच दिवशी त्यांनी तो वर्गाच्या दाराला टांगला, वांग्याच्या रंगाचा झालेला काळा कोट चढवला आणि पंख्याला म्हणाले, "इथून पुढं मी सर नाई. मी कोण आहो ते तुमाले सांगन, नाई तं नाई बी सांगन. बोर्ड सुरू हाय तोवर जे होईन ते खरं. आन जे ऐकान ते पोटात ठेवा." आणि स्वतःच्या नसलेल्या पोटावर थाप मारली. ती थाप हा आमचा अर्धा अभ्यासक्रम होता.

पक्षकार कुठून आणायचे हा प्रश्न सरांना कधी पडला नाही. पावसाळ्यात झाडीपट्टीचे नट रिकामे असतात. वडसा, ब्रह्मपुरीकडून ते एसटीनं यायचे, तर्री-पोहे आणि तिकिटाच्या बोलीवर. आमच्या वर्गात इतके उत्तम दुःखी लोक येऊन गेले की विचारू नका. घटस्फोटाची बाई आली की राइस मिलचे हमाल खिडकीत जमायचे. एकदा एकीनं हंबरडा फोडला तेव्हा मिलचा मालक मशीन बंद करून धावत आला होता.

त्या नटांत वामनभाऊ म्हणून एक विनोदी काम करणारे होते. सरांनी त्यांना विरुद्ध पार्टी केलं आणि आमच्या प्रफुल्लकडे पाठवलं. प्रफुल्ल कोरपन्याचा, कापूसवाल्यांचा पोरगा, मनानं अगदी लोणी. वामनभाऊंनी त्याला गाठून सांगितलं की तारीख तेवढी वाढवून घ्या, आणि हातात एक पिशवी दिली. पिशवीत कोंबडा. हा आपला सराव आहे तर कोंबडाही सरावाचाच, असा प्रफुल्लनं अर्थ काढला. त्यात दुसऱ्या दिवशी रविवार आणि हॉस्टेलच्या मेसला सुट्टी. सोमवारी सरांनी बोर्ड फिरवला, शिस्तपालन समिती बसवली आणि मुद्देमाल हजर करा म्हणून फर्मावलं. प्रफुल्ल पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागला. मुद्देमाल आम्ही सगळ्यांनीच खाल्ला होता, त्यामुळे साक्षीदार कोणी मिळेना. मग शेवटच्या बाकावरून वामनभाऊ उठले, आणि त्यांचा आवाज नाटकातला नव्हता. तो कोंबडा त्यांच्या घरचा होता, पाहुण्यांसाठी राखलेला, आणि तो परत मिळेल असं सरांनी त्यांना सांगितलं होतं. सरांनी पंख्याकडे पाहिलं. मग निकाल दिला की प्रफुल्लनं आठवडी बाजारातून तसाच कोंबडा आणून वर्गासमोर सुपूर्द करावा. प्रफुल्ल कोंबडा काखेत धरून आला, आणि कोंबडा सगळा तास आरवत राहिला. आज प्रफुल्लची वकिली जोरात आहे, पण लग्नाच्या पंगतीत बसायच्या आधीसुद्धा तो विचारून घेतो की यजमान कोणाच्या बाजूचे.

आता ते धोतराचं. सर त्या दिवशी धर्माजी नावाचे म्हातारे पक्षकार होते. त्यांनी प्रफुल्लला आणि मला दार लावून सांगितलं की सिरोंचाकडे आपली एक पहिली बायको आहे आणि थोडी जमीन तिच्या नावानं करायची आहे. एवढं सांगून ते मेले. म्हणजे बाकावर पडले आणि धोतर ओढून घेतलं. आता विधवा येणार होती, पण विधवेची एसटी चुकली. सर धोतराखालूनच म्हणाले की बाईंना बोलवा. बाई शाळेतून तशाच आल्या, खांद्याला पर्स, बोटांना खडू. त्यांना नाटकाचा मनापासून कंटाळा. काय बोलायचं तेवढं प्रफुल्लकडून विचारून घेतलं आणि हजेरी घेतल्यासारखं म्हणून टाकलं, "माझा माणूस जाताना तुमाले काय सांगून गेला?"

धोतराखालून आवाज आला, रडा. बाई म्हणाल्या, असं रडणं येत नाई मले. आणि नुसत्या उभ्या राहिल्या, वाट पाहत. झाडीपट्टीच्या मोठमोठ्या नटींनी जे केलं नव्हतं ते त्या उभ्या राहण्यानं केलं.  प्रफुल्लनं हात जोडले आणि सिरोंचाच्या बायकोपासून जमिनीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

प्रेत उठून बसलं. "मेलो म्हणून काय झालं वकीलसाहेब? माणूस मेला असन. पक्षकार जित्ता हाय न मी अजून! बायको इचारो, पोरगा इचारो, पोटात ठेवा!"  तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सिरोंचाची कोण?" पुढचा सगळा तास सर धर्माजी हा काल्पनिक इसम कसा आहे ते समजावत होते. त्या आठवड्यात त्यांच्या डब्यात भाजी नव्हती.

या सगळ्याचा परिणाम असा झाला की आम्हाला माणसांवर भरवसा राहिला नाही. बसमध्ये शेजारी कोणी सुस्कारा सोडला तरी सरांनीच पाठवला असेल असं वाटायचं. त्यातून शेवटच्या वर्षी श्रावणात सरांनी जाहीर केलं की महिनाभर बोर्ड सुरूच राहील, पक्षकार कधीही येतील, कुठेही. कॉलेजात एक विधी सहाय्य केंद्र होतं, म्हणजे एक टेबल आणि दोन खुर्च्या. बाजाराच्या दिवशी माझी तिथे पाळी होती आणि एक बाई आली. साधं लुगडं, हातात भाजीची पिशवी. बसली आणि तिनं तिची गोष्ट सांगितली. काय ते सांगणार नाही. घरातली गोष्ट होती, एवढं पुरे.

मला वाटलं, ही नवीन नटी आहे आणि सुमार आहे. एका सुरात बोलत होती. जिथे हमखास रडू यायला पाहिजे तिथे तिनं पदर तोंडाला लावला, तोही घाम पुसायला. मी मनातल्या मनात तिचे मार्क कापत होते. पण सर कुठूनतरी बघत असतील या धाकानं मी सगळं रीतसर केलं. दार लावलं, मधे बोलले नाही, कुठल्या कोर्टात कोणाकडे जायचं ते सांगितलं, आणि तुमचा शब्द इथून बाहेर जाणार नाही असंही सांगितलं. ती पिशवी उचलून गेली. खरी बाई इतकं कमी रडते हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एक जाडजूड गृहस्थ आले. डोक्याला टक्कल, खांद्यावर दुपट्टा, न विचारता खुर्चीत. म्हणाले, आमच्या घरची एक बाई इथे आली होती, ती काय बोलली ते सांग. मी म्हटलं, इथे कोण आलं आणि कोण नाही आलं, दोन्ही आम्ही सांगत नाही. ते तापले. टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, मी कोण आहो ते माहीत आहे का तुले. हे वाक्य मी झाडीपट्टीत इतक्या वेळा ऐकलं होतं की मला आनंदच झाला. मी त्यांना अगदी आपुलकीनं सांगितलं, "भाऊ, एन्ट्री तुमची मस्त झाली. पण आवाज थोडा खाली घ्या. खरे मोठे लोक इतके ओरडत नाहीत. आणि ते टेबलाचं राहू द्या, वामनभाऊ नेहमी तेच करतात."

त्यांचं तोंड उघडं राहिलं. तेही मला जरा जास्तच वाटलं, पण बोलले नाही. उलट दार उघडून धरलं आणि सांगितलं की तर्री-पोहे कॅन्टीनमध्ये मिळतात, निमगडे सरांचं नाव सांगा.

थोड्या वेळानं शिपाई पळत आला. ते गृहस्थ संस्थेचे सचिव होते. आता मी कशी ओळखणार? हॉलमधल्या फोटोत त्यांना केस होते.

मला आणि सरांना त्यांच्यासमोर उभं केलं. सचिव आता ओरडत नव्हते आणि मला खरंच भीती वाटली. ते म्हणाले की पोरीनं माफी मागावी आणि ती बाई काय बोलली ते सांगावं, नाही तर जूनमध्ये निरोपाची वाट पाहू नका. सरांचं सगळं त्या एका निरोपावर होतं, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. सरांची मान हळूहळू वर गेली. पंखा बंद होता.

"वकीलबाई, सायबाच्या ॲक्टिंगबद्दल बोलल्या त्याची माफी मागा. चांगली होती." मी मागितली. सचिव म्हणाले, आणि दुसरं? सर म्हणाले, "ते तिच्या पोटात हाय. मले बी नाई माहीत. मी इचारलंच नाई." सचिव म्हणाले, जून येईलच. सर म्हणाले, तुमचा अधिकार आहे. आणि आम्ही बाहेर आलो.

बाहेर आल्यावर मला रडू कोसळलं. मी म्हटलं, सर, माझ्यापायी तुमचा पेपर जाईल. त्यांनी ते ऐकलंच नाही. त्यांना वेगळंच काही विचारायचं होतं. त्या बाईला मी नटी समजले होते का? हो म्हटलं. तरी दार लावलं होतं? लावलं होतं. तिला शब्द दिला होता? दिला होता. मग त्यांनी जी पोटावर थाप मारली ती मिलपर्यंत ऐकू गेली असेल. त्या दिवशी सरांनी एकामागून एक तर्री-पोह्याच्या प्लेटा खाल्ल्या आणि कॅन्टीनवाल्याला विनाकारण सांगितलं की आपली एक पोरगी पास झाली. परीक्षा तर पुढे होती.

जूनमध्ये निरोप आला नाही. सरांचा पेपर ज्यांना दिला ते गाईड उघडून ओळीनं वाचायचे आणि मधे मोबाइल घ्यायचे, असं मागच्या वर्गातली पोरं सांगायची. मला तेव्हा संताप आला होता, आजही येतो. सर मात्र बोर्ड घेऊन तहसील कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर बसायला लागले. नवे वकील त्यांच्याभोवती जमायचे आणि सर चहा होईस्तोवर कधी लाच देणारा ठेकेदार व्हायचे, कधी साक्ष फिरवणारा सरपंच. चहावाल्यानं टपरीला पंखा लावून घेतला, कारण सरांना वर बघायला काहीतरी लागायचं.

मी चामोर्शीला ऑफिस टाकलं. काही वर्षांनी एक दिवस दारात सचिव. थकले होते, आवाज उतरला होता. स्वतःचं काम घेऊन आले होते. म्हणाले, जी पोरगी मले नाई सांगे, ते दुसऱ्याले कायले सांगन. याहून मोठं प्रमाणपत्र मला कोणी दिलेलं नाही. पण काम होतं तेच घरातलं, आता दुसऱ्या बाजूनं. एका बाजूचं ऐकलेलं असलं की दुसरी घेता येत नाही. मी हात जोडून नाही म्हटलं. अजून नाटक सुरूच हाय का तुमचं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, बोर्ड कोणी फिरवला नाही. ते उठले, आणि दारात थांबून हळूच म्हणाले की निमगड्याले काढाले नोको होतं. या वेळी त्यांचा आवाज अगदी बरोबर लागला. सरांना परत बोलावलं मात्र नाहीच.

मागच्या हिवाळ्यात सर माझ्याकडे आले. एसटीनं, एकटे, कापडी पिशवी घेऊन. फार वाळले होते. चहा विचारला तर नंतर म्हणाले. पिशवीतून तो पत्र्याचा बोर्ड काढला, माझ्या खिडकीच्या खिळ्याला टांगला आणि 'सुरू' बाजू समोर केली. मग खुर्चीत बसून म्हणाले, वकीलबाई, दार लावा. मला हसू आलं. म्हटलं, या वयात परीक्षा घ्यायला आले. मी दार लावलं आणि आता मान वर जाईल म्हणून पाहत राहिले. माझ्या ऑफिसात पंखा चांगला मोठा आहे. सरांची मान वर गेली नाही. ते माझ्याकडे बघून बोलले, हळू आवाजात. सरांना हळू आवाज आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

ते काय बोलले ते मी सांगू शकत नाही. पक्षकार होते ते माझे.

जाताना मी विचारलं, सर, बोर्ड फिरवायचा राहिला. ते म्हणाले, राहू दे. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा ते स्टॅण्डवर रिकामी पिशवी घडी करून उभे होते. शेजारी कोणी पोरगं कानाला मोबाइल लावून जोरजोरात भांडत होतं. सर त्याच्याकडे लक्ष देऊन बघत होते. त्याचा फोन झाल्यावर ते त्याच्याजवळ गेले, मान वर केली आणि आभाळाला काहीतरी सांगायला लागले. बहुतेक आवाजाबद्दल असेल. तेवढ्यात गाडी आली.

उन्हाळा लागायच्या आत सर गेले. या वेळी अंगठा हलला नाही. मी पायांकडे बघत उभी होते, म्हणून सांगते.

त्यानंतर बाई चामोर्शीला आल्या. आता रिटायर झाल्या आहेत, पण पर्स तशीच खांद्याला. खुर्चीत बसल्या, खिडकीतल्या बोर्डाकडे बघितलं, आणि हजेरी घेतल्यासारखं म्हणाल्या, "माझा माणूस जाताना तुले काय सांगून गेला?"

 बाई नुसत्या बसून राहिल्या, वाट पाहत. प्रफुल्लचं त्या दिवशी काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं. माझे हात आपोआप जुळत होते, ते मी टेबलाखाली धरून ठेवले. आणि खरं सांगते, मी वाट पाहिली. कुठूनतरी धोतर फेकून कोणी उठून बसेल आणि ओरडेल, म्हणून. पंखा फिरत होता. कोणी उठलं नाही.

बाईंनी मान हलवली. "बरं केलं. तो प्रफुल्ल असता तं सांगून मोकळा झाला असता." मग आम्हाला दोघींनाही हसू आलं, कोंबड्याची आठवण निघाली, सिरोंचाची निघाली. मी चहा सांगितला. चहा येईपर्यंत बाईंनी पदर एकदाच डोळ्याला लावला. फार कमी रडल्या त्या.